ब्लू कट चष्मा घेतला, तरी संध्याकाळी डोळे का चुरचुरतात?

विचारणाऱ्यांचं वय 45. पुण्यात करसल्लागाराच्या ऑफिसात नोकरी, रोज दहा तास दोन मॉनिटरसमोर टॅली, एक्सेल आणि सरकारी पोर्टलं. दुपारी चारनंतर डोळे चुरचुरतात, मधूनच पाणी येतं, सहाच्या सुमारास कपाळ दुखायला लागतं आणि घरी स्कूटरवरून जाताना सिग्नलपलीकडच्या पाट्या पुसट दिसतात. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे दीड, डाव्याला पाऊण सिलेंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर. सहा महिन्यांपूर्वी दुकानातून निळा प्रकाश गाळणाऱ्या ब्लू कट कोटिंगचा, दूरचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचा नियम मोबाइलवर अलार्म लावून पाळतात. मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्सही चालू आहेत. फरक नाही. त्यांचं विचारणं असं: स्क्रीनच्या उजेडानं डोळे कायमचे खराब होतायत का? आणि दहावीतल्या मुलीलाही असाच चष्मा घेऊ का?

कायमच्या खराबीचं आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. मोठ्या माणसाच्या डोळ्याचा पडदा मॉनिटरच्या उजेडानं खराब होतो, असा पुरावा नाही. दुपारी लक्ष्मी रोडवर उभं राहिलात तर आकाशाचा जो प्रकाश डोळ्यांत जातो, त्याच्यापुढे टेबलावरचा मॉनिटर अगदीच फिका असतो. डोळ्यांना त्रास होतो तो उजेडाचा नव्हे. त्या उजेडाकडे आपण कसे बघतो, किती अंतरावरून, कुठल्या नंबरातून आणि पापण्या मिटतो की नाही, याचा होतो. तुमचा सगळा खर्च उजेड अडवण्यावर झाला, म्हणून फरक पडला नाही.

ब्लू कटबद्दल 2023 साली कॉक्रेन या संस्थेनं 17 चाचण्या एकत्र तपासल्या. साधी काच आणि निळा प्रकाश गाळणारी काच यांत डोळ्यांच्या थकव्यापुरता काही फायदा दिसला नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही संगणकासाठी असा चष्मा सुचवत नाही. मग दुकानात काचेवर लेझर पेन मारून दाखवतात ते काय? त्या पेनमधून येणारा किरण जांभळा असतो, बहुतेक वेळा 405 नॅनोमीटरचा. काच तो अडवते, कार्डावरचा ठिपका नाहीसा होतो आणि गिऱ्हाईक खूश. पण मॉनिटरचा निळा प्रकाश 450 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, आणि तो बराचसा याच काचेतून सुखरूप पार जातो. अशा काचा स्क्रीनचा निळा प्रकाश एकूण 10 ते 25 टक्केच गाळतात. घेतलेला चष्मा फेकून देऊ नका. त्यावर चकाकी कमी करणारं कोटिंग बहुधा असतंच आणि ते उपयोगी आहे. पुढच्या वेळी मात्र ब्लू कटचे जादा पैसे देऊ नका. रात्री उशिरापर्यंत झगझगीत स्क्रीन बघितली की झोप यायला उशीर होतो, हे खरं. त्यावर उपाय स्क्रीन मंद करणं किंवा बंद करणं हाच.

आता तुमच्या तक्रारींकडे येऊ. 'डोळ्यांवर ताण येतो' या एका वाक्याखाली माणसं निदान तीन वेगळ्या तक्रारी घेऊन येतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे असतात. त्या वेगळ्या करायला घरी एक साधी गोष्ट करता येते. संध्याकाळी डोळे बिघडले की ड्रॉप घालायच्या आधी, दूरचं नीट दिसतं त्या चष्म्यातून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली पुसट झालेली तारीख बघा. पाच-सहा वेळा डोळे पूर्ण मिटून उघडा. तारीख लगेच स्वच्छ दिसली आणि दहा सेकंदांत परत धूसर झाली, तर भानगड अश्रूंच्या थराची. उघडझाप करून काहीच फरक पडत नाही, पण गॅलरीत जाऊन लांबच्या झाडांकडे पाच-दहा मिनिटं बघितल्यावर हळूहळू नीट दिसायला लागतं, तर फोकस करणारा स्नायू आखडला आहे. आणि एक डोळा तळहातानं झाकून वाचलं की एकदम हायसं वाटत असेल, तर दोन डोळ्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाहीये. ही तपासणी नव्हे. पण डॉक्टरांना तिन्ही निकाल सांगितलेत तर त्यांचं काम बरंच सोपं होईल.

तुमच्या वर्णनावरून मला पहिल्या दोन तक्रारी एकत्र दिसतात. चुरचुर आणि पाणी हे कोरडेपणाचं लक्षण. डोळ्यांना पाणी येतंय आणि डॉक्टर कोरडेपणा म्हणतात, हे ऐकून माणसं माझ्याकडे संशयानं बघतात. पण डोळ्याचा पृष्ठभाग सुकला की मेंदूकडे निरोप जातो आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. कांदा चिरताना येतं तसलंच हे पाणी, डोळ्यावर न टिकणारं. टिकणारा थर वेगळा असतो. त्यात बुबुळाला चिकटून बुळबुळीत द्रव, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर आमटीवर येतो तसा तेलाचा पातळ तवंग. हा तवंग पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीनं असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं, आणि पापणी पूर्ण मिटताना जो दाब पडतो त्यानं ते बाहेर पडतं.

आपण एरवी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर लक्ष लागलं की हे प्रमाण निम्म्यावर, कित्येकांचं एक तृतीयांशावर येतं. त्यातही बऱ्याचशा मिटण्या अर्धवट असतात. वरची पापणी खाली निघते, अर्ध्या वाटेवरून परत फिरते. बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो आणि ग्रंथींवर दाब न पडल्यानं तेल आतल्या आत घट्ट होत जातं. तपासताना डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या प्रकाशात पाहिलं की खालच्या बाजूला सुकलेले ठिपके हिरवे चमकतात. तो नक्षा बघूनच माणूस दिवसभर कशासमोर बसतो याचा अंदाज येतो. रंगाचा थर मिटल्यानंतर 10 सेकंदांच्या आत फाटत असेल तर अश्रू टिकाऊ नाहीत असं आम्ही धरतो.

त्यामुळे नुसतं 'पापण्या मिटत जा' हा सल्ला अपुरा आहे. डोळे हलकेच पूर्ण मिटा, दोन सेकंद तसेच ठेवा, मग किंचित दाबून उघडा. असं दहा वेळा, तासातून एकदा. रिटर्न अपलोड होताना पोर्टल गोलगोल फिरत असतं तेव्हा करा, तुमच्या धंद्यात तो वेळ मुबलक मिळतो. घरी गेल्यावर स्वच्छ कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. कापड लगेच गार होतं, म्हणून दोन-तीन वेळा बदलावं लागतं. लोक एकदा ठेवतात आणि 'शेकून काही झालं नाही' म्हणतात. शेकल्यावर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेनं बोटानं हलकेच दाबत न्या. गोठलेलं तेल असंच निघतं. दोन-चार आठवडे नेमानं केलंत तर फरक कळेल, दोन दिवसांत नाही. बायकांनी पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरू नये, कारण त्या ग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच असतात. हे मी रोज सांगते आणि रोज नाराजी ओढवून घेते.

हवेचंही बघा. एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा कोरडी, त्यात एसी ती आणखी सुकवतो. मुंबईत बाहेर घाम निथळत असला तरी ऑफिसच्या आत तीच कथा. एसीचा झोत किंवा पंखा थेट तोंडावर येत असेल तर आधी खुर्ची हलवा. एसीची पाती वर करण्यावरून ऑफिसात महाभारत होतं, खुर्ची निमूट हलते. आणि घरी जाताना स्कूटरवर हेल्मेटची काच खाली घ्या. दिवसभर सुकलेल्या डोळ्यांवर अर्धा तास वारा आणि धूळ बसली की पाट्या पुसट दिसायला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

ड्रॉप्सचं नाव तुम्ही लिहिलं नाही, म्हणून बाटलीवरचा घटक वाचा. कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, सोडियम हायलुरोनेट, हायप्रोमेलोज यांपैकी काही असेल तर ते कृत्रिम अश्रू, घालायला हरकत नाही. नॅफाझोलिन असेल तर तो लाली घालवणारा ड्रॉप. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, डोळा तासभर पांढराशुभ्र दिसतो, आणि असर उतरला की लाली दुप्पट जोमानं परत येते. तो बंद करा. आणि घटक म्हणून डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा 'सोन', 'लोन' असं शेवट असलेलं काही दिसलं तर ते बहुधा स्टेरॉइड. डॉक्टरांनी लिहून दिलं नसताना घालत असाल तर आजच भेट घ्या. स्टेरॉइडनं दोन दिवसांत इतकं बरं वाटतं की लोक महिनोन्महिने तीच बाटली आणत राहतात, आणि आत काचबिंदू न दुखता वाढत जातो. मोतीबिंदूही लवकर येतो. दुकानदारानं 'डोळ्यांचा साधा ड्रॉप' म्हणून दिलेल्या बाटलीत हे निघाल्याचं मी पाहिलं आहे.

कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. नेहमीच्या बाटलीत बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, ते वारंवार पडलं की तेच डोळा चुरचुरवतं. चुरचुरायला लागल्यावर घालण्यापेक्षा तीन वाजता, त्रास सुरू व्हायच्या आधी घाला. गुलाबजल, मध, त्रिफळ्याचं पाणी डोळ्यात नको. स्वयंपाकघरात गाळलेलं काहीही निर्जंतुक नसतं.

आता कपाळदुखी आणि नंबर. माझ्या मते तुमच्या प्रकरणाची खरी गोम इथे आहे.

डोळ्याच्या भिंगाला जवळचं बघायला जे जादा बळ लावावं लागतं ते डायॉप्टरमध्ये मोजतात. हिशोब सोपा आहे, एक मीटरला अंतरानं भागा. मॉनिटर 60 सेंटीमीटरवर असेल तर 1.67 डायॉप्टर, मोबाइल 30 सेंटीमीटरवर धरला तर 3.33. म्हणजे मोबाइल मॉनिटरच्या दुप्पट मेहनत मागतो. वय वाढतं तसं भिंग ताठ होतं. पंचेचाळिशीला सरासरी माणसाकडे एकूण पाचेक डायॉप्टर शिल्लक असतात, आणि दिवसभर न दमता त्यातले निम्मेच वापरता येतात असा आमचा ढोबळ नियम आहे. म्हणजे अडीच. तेवढ्यात 40 सेंटीमीटरपर्यंतचं आरामात भागतं. मॉनिटर बसतो, मोबाइल बसत नाही. अर्थात हे आकडे सरासरीचे. तुमच्याकडे शिल्लक चारच असेल, तर मॉनिटरनंच निम्म्याच्या जवळपास खाल्लं. त्यात जेवणाच्या सुट्टीत 'डोळ्यांना विश्रांती' म्हणून मोबाइल बघत असाल, तर स्नायूला दिवसाच्या सगळ्यात जड कामाला तुम्ही त्याच वेळी जुंपता.

दुकानानं यावर प्रोग्रेसिव्ह दिला. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून दूरचं, तळातून जवळचं आणि मधल्या एका अरुंद पट्ट्यातून मधलं अंतर दिसतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धूसर भाग असतो, तो कितीही महागडी काच घेतली तरी पूर्ण जात नाही. रस्त्यावर, बँकेत, भाजी घेताना हा चष्मा उत्तम. पण तुमच्यासमोर दोन मॉनिटर आहेत, म्हणजे एकूण हातभर रुंदीचा पसारा, आणि तो सगळा त्या अरुंद पट्ट्यातून बघायचा. मग मान डावी-उजवीकडे फिरत राहते. अक्षर स्पष्ट करायला हनुवटी वर जाते, डोकं मागे कलतं. संध्याकाळची कपाळदुखी कित्येकदा मानेच्या मागून निघून पुढे आलेली असते. उद्या सहकाऱ्याला सांगा, काम करताना बाजूनं एक फोटो काढ. हनुवटी वर दिसली तर निदान फोटोतच झालं.

तुमच्यासारख्याला मी मॉनिटरपुरता वेगळा, एकाच नंबरचा चष्मा देईन. उणे दीड नंबराचा डोळा बिनचष्म्याचा सुमारे 67 सेंटीमीटरवर आपोआप फोकस असतो. निसर्गानं तुम्हाला मॉनिटरच्या अंतरावर फुकट सोय दिलेली आहे आणि तुम्ही दिवसभर चष्मा लावून ती पुसून टाकताय. डाव्या डोळ्याला पाऊण सिलेंडर नसता तर 'मॉनिटरसमोर चष्मा काढून बसा' एवढंच लिहिलं असतं. सिलेंडर न दुरुस्त करता दहा तास आकडे वाचणं मात्र कपाळदुखीला आमंत्रण, म्हणून चष्मा हवा. तो साधारण उणे अर्ध्याच्या आसपास आणि डाव्याला सिलेंडर तसंच, असा काहीतरी निघेल. नेमका आकडा तपासूनच ठरेल, माझ्या उत्तरावरून बनवून घेऊ नका. सहकाऱ्यांचे चेहरे आणि दारातून कोण आलं हेही दिसायला हवं असेल तर 'ऑफिस लेन्स' मिळते. तिच्यात मधल्या अंतराचा भाग रुंद असतो आणि खाली कागद वाचायची सोय असते. स्कूटर चालवताना मात्र तुमचा दूरचा किंवा प्रोग्रेसिव्हच लावायचा. ऑफिसचा चष्मा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिला तर चांगलं.

नंबर काढतानाची एक गोष्ट तितकीच महत्त्वाची. मशीनमध्ये हनुवटी ठेवून फुग्याचं चित्र बघितलं आणि कागद निघाला, तो नंबर म्हणजे सुरुवात आहे. दिवसभर जवळचं बघून स्नायू आखडलेला असला तर मशीन उणे नंबर जास्त दाखवू शकतं. तपासणाऱ्यानं घाईत तोच दिला, तर दूरच्या पाट्या पहिले दोन दिवस लख्ख दिसतात आणि जवळच्या प्रत्येक कामाला जादा मेहनत लागते. महिन्याभरात डोळे पूर्वीपेक्षा जास्त दमतात. तरुणांत हे फार बघायला मिळतं. इंजिनिअरिंगचा मुलगा सहा महिन्यांत पाव-पाव करत एक नंबर चढतो, आणि ड्रॉप घालून स्नायू सैल करून तपासलं की त्यातला बराचसा नंबर गळून पडतो. उलट कधी तिशीतल्या माणसाचा आजवर लपलेला अधिक (प्लस) नंबर सापडतो. म्हणून भिंगं बदलून, 'हे बरं की ते बरं' विचारून काढलेला नंबरच घ्या. तुमच्या मॉनिटरचं अंतर टेपनं मोजून कागदावर लिहून न्या. तपासणारा पुस्तकाच्या अंतराला नंबर काढतो, तुम्ही पुस्तक वाचत नाही.

दोन डोळ्यांच्या मेळाचं थोडक्यात. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळावे लागतात. ते बळ कमी असेल तर ओळी हलतात, अक्षरं दुहेरी होतात, एक डोळा झाकावासा वाटतो. पेन्सिल लांब धरून नाकाकडे आणायचा व्यायाम सगळीकडे सांगतात. 2008 साली अमेरिकेत 9 ते 17 वयोगटातल्या मुलांवर झालेल्या चाचणीत घरच्या पेन्सिलपेक्षा दवाखान्यात देखरेखीखाली करून घेतलेले व्यायाम कितीतरी सरस ठरले. झाकण्याच्या प्रयोगात तुम्हाला फरक पडला तर असे व्यायाम करून घेणारा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारा तज्ज्ञ, गाठा. नाही पडला तर हा परिच्छेद विसरा.

टेबलाची मांडणी. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, म्हणजे नजर सहज खाली झुकते, पापणी अर्धी उतरते आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. मॉनिटर उंचावर असला की डोळे विस्फारलेले राहतात आणि लवकर सुकतात. जाड कायद्याच्या पुस्तकांवर मॉनिटर चढवण्याची करसल्लागारांच्या ऑफिसात पद्धतच आहे. दोनातलं एक पुस्तक काढून बघा. अंतर 50 ते 70 सेंटीमीटर. दोन्ही मॉनिटर सारखे वापरत असाल तर त्यांच्या आतल्या कडा नाकासमोर जुळवा. एकच जास्त वापरत असाल तर तो सरळ समोर आणि दुसरा बाजूला. तुमच्या कामात कागद बघून आकडे भरायचे असतात. तो कागद टेबलावर आडवा पडलेला असतो, मॉनिटरपेक्षा जवळ आणि अंधारात. डोळा दिवसातून शेकडो वेळा खालीवर फोकस बदलतो. कागद उभा धरणारा स्टँड मॉनिटरच्या शेजारी, त्याच अंतरावर लावा. स्वस्त वस्तू आहे आणि या यादीत पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त उपयोगाची.

खिडकी मॉनिटरच्या पाठीमागेही नको आणि तुमच्या पाठीमागेही नको, बाजूला हवी. स्क्रीनचा उजेड किती, हे ठरवायला पांढरा कागद तिच्या शेजारी धरा. स्क्रीन दिव्यासारखी झळकत असेल तर कमी करा, करडी दिसत असेल तर वाढवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काहींना आवडतात. पण सिलेंडर असलेल्यांना त्या अक्षरांभोवती पिसारा दिसतो, कारण काळ्या स्क्रीनसमोर बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला दोष उघडा पडतो. दिवसा, उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळं हेच बहुतेकांना बरं.

अक्षराचा आकार हा फुकटातला उपाय, आणि तोच कोणी करत नाही. मॉनिटरपासून नेहमीच्या तिप्पट अंतरावर मागे जा. तिथूनही कष्टानं का होईना वाचता आलं तर आकार पुरेसा आहे. एक्सेल 100 वरून 125 टक्क्यांवर नेलंत तर दोन कॉलम कमी दिसतील, चालेल. मराठीत काम करणाऱ्यांनी तर आणखी मोठं करावं. रफार, अनुस्वार, जोडाक्षरातला अर्धा भाग हे इंग्रजी अक्षराच्या मानानं फार बारीक असतात, आणि नोटिशीत एका अनुस्वारानं अर्थ बदलतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या गल्ल्यांतले जुने डीटीपी ऑपरेटर दीडपटीवर काम करताना दिसतात, ते उगाच नाही.

तो वीस-वीस-वीसचा नियम कॅलिफोर्नियातल्या जेफ्री अँशेल या ऑप्टोमेट्रिस्टनं 1990 च्या दशकात लक्षात राहायला सोपा म्हणून बांधला. आकडे प्रयोगातून आलेले नाहीत. 2023 साली तरुणांवर केलेल्या एका अभ्यासात वीस-वीस सेकंदांच्या सुट्ट्या दिल्या तरी तक्रारींत फरक दिसला नाही. मी तो नियम मोडीत काढत नाही, त्यातली कल्पना बरोबरच आहे. पण अलार्म वाजला की खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचं आणि मनात जीएसटीचं गणित चालू, त्यात पापण्या मिटतातच असं नाही. त्यापेक्षा दर तासाला पाच मिनिटं उठा. पाण्याची लहान बाटली ठेवा म्हणजे ती भरायला जावंच लागेल, आणि मोबाइल टेबलावरच ठेवून जा. खिडकीतून लांबचं काही बघा आणि तिथेच आधी सांगितलेला पापण्यांचा व्यायाम करा. 31 जुलैच्या, म्हणजे प्राप्तिकर रिटर्नच्या नेहमीच्या मुदतीच्या, आधीच्या आठवड्यात हे कोणाला जमत नाही, ते मला माहीत आहे. त्या आठवड्यात निदान ड्रॉप आणि शेक सोडू नका.

त्राटकाबद्दलही विचारणारे असतात. पापणी न हलवता पाणी येईपर्यंत एकटक बघणं ही साधना म्हणून कोणी करत असेल तर तो त्याचा विषय. स्क्रीननं कोरड्या पडलेल्या डोळ्यांवर उपाय म्हणून ते उलट्या दिशेनं नेतं. गाजरं खा, पण अ जीवनसत्त्वाची कमतरता नसेल तर त्यानं ताण कमी होणार नाही. मासळीच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल कोरडेपणासाठी देतात. 2018 साली झालेल्या मोठ्या चाचणीत त्या आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल यांत फरक निघाला नाही. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्या आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांनी कोरडेपणा वाढतो, तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनानं बंद करू नका.

मुलीचं. ब्लू कट नको. तिची पूर्ण तपासणी करा, ड्रॉप घालून. मोठ्यांच्या बाबतीत मी स्क्रीनला निर्दोष म्हटलं, पण वाढत्या वयात सतत जवळचं बघणं आणि घराबाहेर कमी जाणं याचा उणे नंबर वाढण्याशी संबंध आहे. तैवाननं 2010 पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर पाठवण्याचा कार्यक्रम राबवला आणि मुलांच्या कमी नजरेचं वाढत चाललेलं प्रमाण तिथे खाली वळलं. दहावीत दोन तास कोण देणार, हे खरंच. क्लासला चालत जाणं, गच्चीत बसून पाठांतर करणं हेही उघड्यावरच धरलं जातं. पुस्तक किंवा टॅब कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरापेक्षा जवळ नको. नंबर झपाट्यानं वाढत असेल तर कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिनचे थेंब आणि खास काचा यांचा विचार डॉक्टर करतील.

स्क्रीनवर सगळा दोष ढकलताना एक गोष्ट निसटते. पंचेचाळिशीत नजर दिवसभर कमीजास्त होत असेल तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. साखर चढउतार करते तेव्हा भिंग फुगतं आणि नंबर आठवड्या-आठवड्याला बदलतो. नवा चष्मा करण्याआधी हा रिपोर्ट हातात असू द्या, नाहीतर चष्म्याचे पैसे वाया. डोळ्यातला दाब आणि मागचा पडदाही या वयात बघून घ्या, घरात कोणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. आणि काही गोष्टी ताण समजून थांबायच्या नसतात: एका डोळ्याची नजर अचानक जाणं, विजेसारखे चमकारे आणि काळ्या माश्यांचा एकदम वर्षाव, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी वलयं दिसून डोळा लाल होऊन ठणकणं, अचानक दोन-दोन दिसायला लागणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दाखवा.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. या आठवड्यात खुर्ची, मॉनिटर आणि कागदाचा स्टँड, शेक आणि पापण्यांचा व्यायाम, ड्रॉपचा घटक. सोबत साखरेची तपासणी. दोन-तीन आठवड्यांनी पृष्ठभाग जरा सुधारला की मग नंबर, कारण सुकलेल्या डोळ्यावर काढलेला नंबरही चुकू शकतो. भेट सकाळची नको, कामाच्या दिवशी संध्याकाळची घ्या. सकाळी विश्रांती घेतलेले डोळे तपासून 'सगळं नॉर्मल' हेच उत्तर मिळतं. आजवरचे सगळे चष्मे, ड्रॉपची बाटली, मॉनिटरचं मोजलेलं अंतर आणि तो बाजूनं काढलेला फोटो घेऊन जा. पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही, तेव्हा त्या दिवशी स्कूटर ऑफिसातच ठेवून रिक्षा करा.